फित्र्याचे तांदूळ

लोणावळ्यात दस्तगीरचाचाइतका गरीब माणूस दुसरा नाही, असं सगळे म्हणत. सगळे म्हणजे कोण, तर वलवणच्या वाटेवर एक बैठी चाळ होती तिथले लोक. टांगेवाले, रेल्वेचे खलाशी, बंगल्यांवर धुणीभांडी करणाऱ्या बाया. ती माणसंही काही गडगंज नव्हती. पण आपल्याहून गरीब कोणी शेजारी असला की माणसाला जरा बरं वाटतं, आणि दोन घास द्यायला हातही सैल सुटतो. चाचाच्या अंगावर रेल्वेचा जुना निळा कोट असे. त्याला इतकी ठिगळं होती की मूळ कापड कुठलं हे शिंप्यालाही सांगता आलं नसतं. विडी तो अर्धी ओढून कानावर ठेवी. कुणी चहाला बोलावलं तर जाई, आपणहून कधी हॉटेलाची पायरी चढला नाही.

आणि या माणसाच्या खोलीत, चुलीशेजारी जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या हंड्यात राणीछाप रुपये होते. थोडेथोडके नव्हेत, हंडा गळ्यापर्यंत भरलेला. आता बोला!

तुम्ही म्हणाल, कवडीचुंबक दिसतोय मेला. तर तसंही नव्हतं. कवडीचुंबकाला पैसा आवडतो. चाचाला पैशाची गोडी नव्हती, त्याला भीती होती, आणि भीतीवर उतारा म्हणून तो पैसा पुरत गेला. भीती कसली, तर कफनाची. बाप खंडाळ्याच्या बंगल्यांवर गवंडीकाम करायचा. तो गेला तेव्हा घरात फुटकी कवडी नव्हती, म्हणून जमातीनं वर्गणी काढून त्याचं कफन आणलं. यात वावगं काहीच नव्हतं, असंच करतात, आणि ज्यांनी दिलं ते विसरूनही गेले. पण पुढं कधी गोट्यांवरून भांडण झालं तेव्हा एक पोरगा दस्तगीरला म्हणाला, तुझ्या बापाच्या अंगावरचं कापड माझ्या बापाच्या पैशाचं होतं. पोरं बोलतात आणि विसरतात. हा विसरला नाही. त्यानं तेव्हाच ठरवलं, मी मरेन तेव्हा कुणाच्या दारात थाळी फिरता कामा नये. म्हातारपणी माझा घास माझा, माझं कफन माझं.

पुढं तो रेल्वेत सांधेवाला झाला. घाटात पूर्वी गाडी एका जागी थांबून तोंड फिरवायची, तिथं रूळ जोडायचं त्याचं काम. नवा बोगदा झाला, विजेची इंजिनं आली, ती जागा बंद पडली, आणि त्याची बदली लोणावळ्याच्या यार्डात झाली. पगार बेताचा. पण दर पगाराला तो काहीतरी बाजूला काढी, बाजारपेठेतल्या शेठकडं जाई आणि बदल्यात राणीच्या शिक्क्याचाच रुपया मागून घेई. बायको बदरुन्निसा विचारी, राजाच्या रुपयाला काय काटे आहेत? तर याचं उत्तर ठरलेलं. राजे येतात आणि जातात, राणीचा शिक्का पक्का. बँक नको, टपाल नको, सावकार तर नकोच नको. अशा माणसाला तुम्ही काय समजावणार? तिनंही नाद सोडला. मूलबाळ नव्हतं. दोघं पोटाला चिमटा घेत राहिली, आणि हंडा भरत गेला.

मग नोकरी संपली. रेल्वेनं निरोपाची रक्कम हातात ठेवली आणि त्याच पावसाळ्यात बदरुन्निसा तापानं फणफणली. चार दिवसांत आटोपलं. हकिमाची पुडी आणि काढा, याच्यापलीकडं औषधपाणी झालं नाही, कारण व्हायला वेळच मिळाला नाही. दुखवट्याला चाळ लोटली. त्यातला कुणीतरी भल्या मनानं म्हणाला, चाचा, चाची गेली हे वाईट झालं, पण रेल्वेचा पैसा आहे गाठीला, निदान म्हातारपणाची चिंता नाही. तेवढं ऐकलं आणि दस्तगीरच्या मनात आलं, आता हे सगळे मागायला येणार. ह्याच्या पोरीचं लग्न, त्याच्या घराचं छप्पर. नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हटलं तर हंडा किती दिवस पुरायचा?

तो पटकन म्हणाला, कसला पैसा आणि कसलं काय, तिच्या आजारपणात सगळं गेलं.

बायकोला मातीत ठेवून अजून पाण्याचा घोटही घेतला नव्हता, आणि तिच्याच नावावर खोटं बोलला! बायांनी पदर डोळ्यांना लावले. चार दिवसांच्या तापाला रेल्वेची रक्कम कशी पुरली नाही, हा हिशोब दुखवट्याच्या दिवशी कोण करणार? त्यांनी विश्वास ठेवला. लोक भले असले की खोटं बोलणाऱ्याचं काम सोपं होतं, आणि मग कायमचं अवघडही होतं.

दुसऱ्या दिवसापासून ताटं येऊ लागली. म्हाताऱ्याला एकट्याला कशाला चूल, असं म्हणत आज या घरची भाकरी, उद्या त्या घरचं कालवण. शेजारच्या खोलीत एक मराठ्याची लेक नांदत होती. तिची आई बयाबाई आंदर मावळातून दर सुगीला नवे तांदूळ घेऊन लेकीकडं चालत यायची. तीसुद्धा एक पायली चाचाच्या उंबऱ्यात ठेवू लागली. चाचानं पहिल्यांदा नको म्हटलं. बयाबाई म्हणाली, देवानं आमाला पिकीवलंय, तुमाला न्हाई, मग कुनी कुनाला द्यायचं? तांदूळ आत गेले.

तरी इथवर एक वेळ ठीक होतं. शेजारधर्म म्हणू. पण रमजान आला आणि फित्रा आला.

ईदेच्या नमाजाआधी घरटी माणशी ठरलेलं धान्य गरजूला पोचवायचं, त्याला फित्रा म्हणतात. ज्याच्या घरी गरजेपुरतं भागून शिल्लक आहे त्यानं तो द्यायचा, ज्याच्याकडं नाही त्यानं घ्यायचा. नियम लहान पोरालाही ठाऊक असतो. ज्याचा हंडा भरलेला आहे त्यानं फित्रा घेणं म्हणजे कुणा खऱ्या गरिबाच्या पुढ्यातलं ताट ओढणं. पहिल्या वर्षी मेहबूब टांगेवाला आपल्या घरचा फित्रा घेऊन चाचाच्या दारात उभा राहिला, तेव्हा चाचा मागं सरकला. मला कशाला, मला कशाला, असं दोनदा म्हणाला. मेहबूबला वाटलं, म्हातारा लाजतोय. त्यानं पिशवी चुलीपाशी ठेवली, नेमकी हंड्यावर, आणि सलाम करून गेला.

चाचा ते तांदूळ खात नसे, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो ते यार्डातल्या कबुतरांना घाली. म्हणजे पाप टळलं, असं त्याला वाटे. अरे बाबा, ज्याच्या तोंडचं होतं तो उपाशीच ना? पण मनाची समजूत काढायला बसलं की माणूस कबुतरांनाही साक्षीला बोलावतो. शिवाय त्यानं ठरवलं होतं, मेल्यावर हंडा मशिदीला जाईल, सगळं फिटेल. मेल्यावर!

आणि म्हातारपणाची जी शांतता विकत घ्यायची म्हणून हा सगळा खटाटोप, ती कुठं होती? खाई त्याला खवखवे. दारात पाऊल वाजलं की तो आधी चुलीकडं बघे. जास्त दिवस कुणाकडं राहत नसे. दमा उठला तर दवाखान्यात जाऊन खाटेवर पडायची सोय नाही, कारण खोली रिकामी कशी टाकायची? नवा कोट शिवायची ऐपत होती, शिवता येत नव्हता. कुठून आला, म्हणून लोक विचारतील. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मूठ झाकलेलीच ठेवायची तर तिनं घास कसा घ्यायचा?

मधल्या एका वर्षी मेहबूबचा घोडा खंडाळ्याच्या उतारावर पडला आणि उठलाच नाही. स्वतःच्या घोड्याचा, स्वतःच्या टांग्याचा मालक होता तो. नव्या घोड्यासाठी बिचारा दारोदार फिरला. चाचाकडं मात्र त्यानं मागितलं नाही. तो नुसता येऊन चाचाच्या पायरीवर बसला, म्हणाला, चाचा, तुमच्याकडं नाही हे बरं आहे, नाहीतर तुम्हालाही नाही म्हणायला लागलं असतं. आणि रडला. चाचा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. शेवटी मेहबूबनं टांगाही विकला, आणि दुसऱ्याचा टांगा निम्म्या कमाईवर हाकू लागला. त्या वर्षीचा फित्राही त्यानं चाचालाच दिला.

असं चाललं होतं. आणखी किती वर्षं चाललं असतं कोण जाणे, पण लढाई सुरू झाली, चांदीला भाव आला, आणि सरकारनं फर्मान काढलं. राणीछाप रुपये परत घेणार. ठरल्या मुदतीनंतर ते बाजारात चालायचे नाहीत. रमजानचा महिना होता, दिवाळी तोंडावर आलेली. बाजारपेठेत एक गुमास्ता ते वाचून दाखवत होता आणि लोक हसत होते, की आपल्याकडं राजाचाच नाही, राणीचा कुठला? चाचाही हसला. राजे येतात आणि जातात म्हणत होता ना? राजे राहिले आणि राणीच गेली.

लोणावळ्यात बदलायला जायची सोय नव्हती. टपालातला शिपाई ओळखीचा, स्टेशनातला बाबू ओळखीचा, अर्ध्या तासात गावभर झालं असतं. त्यानं ठरवलं, वडगावला तालुक्याच्या कचेरीत जायचं. तिथं आपल्याला कोण ओळखतो? हंडा उकरून रुपये गोणपाटाच्या पिशवीत भरले, वर खडखडू नये आणि दिसू नये म्हणून तांदळाचा थर दिला आणि तोंड सुतळीनं शिवून टाकलं. ओझं पाठीवर घेतलं आणि स्टेशनच्या वाटेला लागला. दम्याचा माणूस. वाटेत तीनदा टेकला. तिसऱ्यांदा टेकला तेव्हा मागून टांगा येऊन थांबला. मेहबूब!

त्यानं उडी मारून पिशवी उचलली आणि म्हणाला, काय भरलंय चाचा, धोंडे? चाचाच्या तोंडून निघून गेलं, तांदूळ आहेत. मग कुठं नेतोय हे मेहबूबनं विचारण्याआधीच, घाबरलेला माणूस जसा बोलत सुटतो तसा तो बोलला, वडगावला नेतो विकायला, जरा नड आहे. मेहबूबनं पुढं काही विचारलं नाही. रोजा होता, ओठ सुकलेले. वाटभर तो घोड्याशीच बोलत राहिला. स्टेशनवर पिशवी डब्यात चढवून दिली, आणि गाडी हलताना चार आणे चाचाच्या मुठीत कोंबले. म्हणाला, दिलेलं धान्य विकायची पाळी येईपर्यंत गप्प राहिलात, हे बरं नाही केलंत चाचा.

वडगावच्या कचेरीपुढं रांग होती. आणि रांग तरी कशी! जो तो मुंडाशाचं टोक तोंडावर ओढून उभा. कुणाच्या बगलेत गाडगं, कुणाच्या धोतरात गाठ. सगळे एकमेकांना चुकवत होते, जसे काही चोरीचा माल परत करायला आलेत. चाचाला जरा धीर आला. आपल्यासारखे बरेच आहेत की! तेवढ्यात पुढून हाक आली.

“चाचा? तुमी हितं?”

बयाबाई. आंदर मावळाला वडगावची कचेरी जवळची, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं पदराची गाठ सोडून दाखवली, काळे पडलेले थोडे रुपये. मोकळेपणानं सांगू लागली. सासूनं मरताना दिलेले, आपल्या दिवसकार्याला जपून ठेवले होते, लेकाला कुणाच्या दारात जायला लागू नये म्हणून. घरात कुणाला ठाऊक नव्हतं. फर्मान ऐकलं आणि काल सुनांना सांगून टाकलं.

“लपीवलं व्हतं तवर लय भ्या वाटायचं,” ती म्हणाली. “सांगितलं, तर सुना हसल्या. मग मीबी हसले. रातीला झोप काय लागली म्हनता!”

चाचानं मान हलवली. तिनं त्याच्या पिशवीकडं पाहिलं, पण काही विचारलं नाही. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याकडं बायकोचा एखादा रुपया राहिला असेल.

तिचं काम लवकर झालं, ती बाजूला थांबली, बरोबर जाऊ म्हणाली. चाचाची पाळी आली. कारकुनानं सुतळी कापली आणि पिशवी फळीवर उपडी केली. आधी तांदूळ सांडले. मग रुपये आले, आणि येतच राहिले. त्या आवाजानं सगळी रांग वळून बघायला लागली. ज्या माणसानं उभ्या जन्मात आपल्याकडं कुणी बघू नये म्हणून जिवाचा आटापिटा केला, त्याच्याकडं आता सगळा तालुका बघत होता. पण त्याला दिसत होती ती एकटी बयाबाई. ती खाली वाकली होती. सांडलेले तांदूळ फरशीवरून पदरात गोळा करत होती. अन्न पायदळी येऊ नये म्हणून. एक दाणा तिनं बोटांत चुरला, नाकाशी नेला आणि हळूच म्हणाली, “आमचंच हायती.”

धरणीनं तेव्हा पोटात घेतलं असतं तर तो हसत गेला असता. रुपये वाजवून बघण्यात आणि मोजण्यात बराच वेळ गेला. त्यांच्या बदल्यात कागदी नोटा हातात मिळाल्या. चांदीशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा माणूस, तो कागदाची चळत घेऊन बाहेर आला. बयाबाई पिंपळाच्या पारावर बसली होती. तिनं तांदळाची पुरचुंडी त्याच्या पुढं केली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

“मी कुनाला सांगनार न्हाई,” ती म्हणाली. “तुमचं तुमी जाना. पर आता भात निघंल. तुमच्या दारात तांदूळ ठिवायचं का न्हाई, तेवढं तुमी मला सांगा.”

तिनं उत्तराची वाट पाहिली. मग तिनं डोक्यावर पदर घेतला आणि आपल्या गावच्या वाटेला लागली. लांबची वाट होती, दिवस कलला होता.

त्यानंतरचे दिवस त्याचे कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. कागदांची चळत ट्रंकेत, आणि हा खोलीत. दिवाळी झाली. चाळीतल्या हिंदू घरांतून फराळाची ताटं आली, ती तशीच झाकून ठेवली. इकडं लोकांत वेगळीच कुजबुज सुरू झालेली. मेहबूबनं घरी सांगितलं होतं, घरून ते दोन-चार ठिकाणी गेलं होतं, की म्हाताऱ्यावर लोकांनी दिलेलं धान्य विकायची वेळ आली आणि आपण शेजारी असून आपल्याला पत्ता नाही. सगळ्यांना आपापली लाज वाटत होती. वा रे न्याय!

ईदेचा चंद्र दिसला त्या संध्याकाळी मेहबूब आला. एका हातात फित्र्याची पिशवी, दुसऱ्या हातात रुमालाची गाठ. पिशवी त्यानं नेहमीच्या जागी ठेवली. गाठ चाचाच्या मांडीवर ठेवली. म्हणाला, हे फित्र्याचं नाही, वेगळं आहे. चाचानं विचारलं, कुठून आणलं? मेहबूब टाळाटाळ करायला लागला. शेवटी सांगितलं, पोरांच्या कपड्यांचे होते. शमीम म्हणाली, गेल्या ईदेचे कपडे अजून धडके आहेत, धुऊन घालतील, चाचांना आधी घोंगडी होऊ दे, थंडी येतेय.

शमीम म्हणजे मेहबूबची बायको. आता मात्र चाचाला बसवेना.

“मेहबूब, हे मला चालत नाही.”

“का नाही चालत?”

“फित्रा माझ्यावरच आहे. मी द्यायचा. घ्यायचा नाही.”

मेहबूब हसला. खुद्दार, मानी माणूस आहे, असं त्याला वाटलं. समजूत घालू लागला, की चाचा, लाजायचं काय त्यात, वेळ कुणावरही येते. तो जितका समजावी तितकं ते ऐकणं कठीण होत गेलं. शेवटी चाचा उठला, ट्रंक उघडली आणि कागदांची चळत चटईवर ठेवली. जमिनीतला उकरलेला खड्डा अजून तसाच होता, तोही दिसत होता.

मेहबूब नोटांकडं बघत राहिला, मग खड्ड्याकडं. त्यानं विचारलं, तांदूळ विकायला नेले होते ते? चाचा म्हणाला, तांदूळ नव्हते, वरवर होते. कधीपासून आहे हे? नोकरीपासून. चाची गेली तेव्हा? तेव्हाही होते. तिच्या दुखण्याला काही लागलं नाही.

घोड्याचं तो विचारील म्हणून चाचा वाट बघत होता. ते विचारलं की आपण त्याचे पाय धरायचे, असं त्यानं मनात ठरवलं होतं. पण मेहबूबनं घोड्याचं नाव काढलं नाही.

“आमी मागू म्हणून भ्यालात व्हय, चाचा?”

बाकी सगळ्याला काहीतरी उत्तर होतं. बापाचं कफन होतं, म्हातारपण होतं, दमा होता. याला एकच उत्तर होतं.

“व्हय,” चाचा म्हणाला.

मेहबूबनं रुमालाची गाठ उचलली. फित्र्याची पिशवी उचलली. चाचा त्याच्या मागं दारापर्यंत गेला, म्हणाला, घोडा घे, टांगा घे, हे सगळं घे, मी हात जोडतो. ज्या माणसानं लोक मागतील म्हणून जन्मभर दार लावून घेतलं तो आता घ्या म्हणून दारात उभा राहून विनवत होता. मेहबूब एवढंच म्हणाला की आज नको, आज मला काही बोलायला लावू नका. फित्रा कुणा खऱ्या गरजूला नमाजाआधी पोचवायचा होता, तो घाईनं गेला.

चाचा तसाच मशिदीत गेला. पेशइमामाला सगळं सांगितलं. इमाम तरुण होता, आधी त्याचा विश्वासच बसेना. मग त्यानं शांतपणे सांगितलं, की ज्यांनी भल्या मनानं दिलं त्यांचं पोचलं, ते मोकळे झाले. भार तुमच्यावर आहे. जे घेतलंत ते हकदारांना परत करा, आणि इतक्या वर्षांची जकात, म्हणजे साठवलेल्या पैशातला गरिबांचा वाटा, बसली आहे, दरसाल चाळिसावा हिस्सा, तो काढा. राहील ते तुमचं, खुशाल म्हातारपणाला वापरा, म्हातारपणासाठी ठेवणं हे काही पाप नाही. हे शेवटचं वाक्य चाचाला दोनदा विचारून घ्यावंसं वाटलं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की ठेवणं हाच गुन्हा आहे, म्हणून तो लपवत होता. आणि गुन्हा तर सगळा लपवण्यात होता.

त्या रात्री त्याला झोप लागली. लाज होती, छातीवर बसलेली होती, पण दारावरच्या पावलांची भीती नव्हती. सांगून टाकल्यावर भिण्यासारखं उरलंच काय होतं?

सकाळी त्यानं जन्मात पहिल्यांदा फित्रा दिला. शेवटच्या ओळीत उभं राहून नमाज पढली. बातमी पसरलीच होती. नमाज संपल्यावर लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले. चाचा जोडे शोधायच्या निमित्तानं बाजूला सरकला. कुणी त्याला टाळलं असं नाही, पण कुणाला पुढं होऊन काय बोलावं हेही कळत नव्हतं. मेहबूब आला. रीतीप्रमाणं त्यानं चाचाला तीनदा छातीशी लावलं, डोळ्यांत बघितलं नाही, आणि म्हणाला, शमीमनं शीरखुर्म्याला बोलावलंय.

दरवर्षी चाचा तिथंच शीरखुर्मा प्यायचा. जाताना हात हलवत जायचा. या वेळी शेरभर साखर घेतली, आणि पोरांना ईदी, म्हणजे सणाचे पैसे, द्यायला चार आण्यांच्या पावल्या सुट्या करून घेतल्या. दुकानदारानं नोटेकडं आणि मग चाचाकडं बघितलं. चाचानं मान खाली घातली, पण नोट मागं घेतली नाही.

मेहबूबच्या घरी पोरं गेल्या ईदेचेच कपडे घालून बसली होती, धुतलेले, इस्त्री केल्यासारखे उशाखाली दाबून सरळ केलेले. थोरल्याच्या मनगटावर बाही तोकडी पडत होती. शमीमनं साखरेची पुडी घेतली, सलाम केला, बसा म्हणाली. आवाजात ना राग, ना माया. चाचा चटईच्या कडेला टेकला. खिशातून एक पावली काढली आणि धाकट्या पोरीपुढं हात केला.

पोरीनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

“घे बेटा. ईदी आहे.”

ती मागं सरकली. “चाचांकडून घ्यायचं नसतं,” ती म्हणाली. “अम्मीनं सांगितलंय. चाचांकडं नसतं.”

चाचाचा हात तसाच पुढं राहिला. ईदेच्या दिवशी पोरं चाळीतल्या एकूण एक म्हाताऱ्याला घेरतात, ईदी घेतल्याशिवाय सोडत नाहीत. आपल्यापुढं आजवर एकाही पोरानं हात केला नव्हता, आणि हे त्याच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. उलट, बरं झालं, कुणी मागत नाही, असंच त्याला वाटलं होतं. घराघरांत आयांनी पोरांना बजावून ठेवलं होतं, म्हाताऱ्याला कानकोंडं होऊ नये म्हणून.

शमीम दारात वाडगा घेऊन उभी होती. तिनं चाचाकडं पाहिलं नाही. पोरीला म्हणाली, “घे. आता आहे त्यांच्याकडं.”

पोरीनं पावली घेतली. उलटीसुलटी करून बघितली. मग मान वर करून विचारलं, “मग आधी नव्हतं?”

मेहबूब बाहेर घोड्याला पाणी पाजत होता, त्याचा हात थांबला. हे उत्तर दुसऱ्या कुणी द्यायचं नव्हतं.

“आधीपण होतं, बेटा,” चाचा म्हणाला.

पोरीनं क्षणभर त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग मूठ मिटली आणि भावंडांना पावली दाखवायला बाहेर पळाली.